पडदा बदलायचा हाय

माझ्या घरमालकांना युरोपातले सगळे घाट पाठ होते, पण हिंगोलीच्या आठवडी बाजारात त्यांना स्वतःची सायकल ओळखू यायची नाही. दुसऱ्याचीच घेऊन घरी यायचे. मग मागनं तिचा धनी शिव्या देत दारात हजर. "रंग सारखा हाय ना, फसलो," काका म्हणायचे. रंग सारखा नसायचाच. एकदा तर लेडीज सायकल घेऊन आले, तिच्या हँडलला जाळीची टोपली होती आणि टोपलीत कोणाचीतरी कोथिंबीर. काकूंनी ती कोथिंबीर परत केली, सायकल परत केली, आणि त्या बाईसमोर हसल्याही. मला हसू आलं नाही. मला तेव्हाच कळायला लागलं होतं की या माणसाचे डोळे चाललेत.

डेपोच्या मागच्या कॉलनीत त्यांचं घर. रस्त्याकडच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या आणि त्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळी कॉलनी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची, खुद्द काकूसुद्धा रागात असल्या की "ओ ड्रायव्हर" म्हणायच्या. आतल्या खोलीत त्यांच्या पोराचा कॉम्प्युटर होता. पोरगं इंजिनियरिंगला असताना गेम खेळायला म्हणून हट्ट करून घेतलेला, त्या काळातला एकदम भारी माल. पुढं पोरगं पुण्याला नोकरीला लागलं, तिकडचंच झालं, आणि कॉम्प्युटर पोतं पांघरून कोपऱ्यात राहिला. काका रिटायर झाले, चार दिवस पेपर वाचला, आठ दिवस शेजाऱ्यांशी भांडले, आणि मग एक दिवस पोतं काढून मला हाक मारली.

"मास्तर, ह्याच्यात गाडी हाय म्हनतेत. चालू करून द्या."

गाडी होती. ट्रक चालवायचा खेळ होता. युरोपातले रस्ते, पाऊस, बोगदे, सगळं. पोराच्या वेळचं एक खेळण्यातलं स्टेअरिंग आणि पायातल्या पट्ट्याही निघाल्या. मी जोडून दिलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा ड्यूटी सुरू झाली.

ड्यूटीच म्हणायची ती. दुपारचं जेवण झालं की काका खाकी सदरा घालायचे. टेबलाभोवती एक चक्कर मारायचे आणि टेबलाच्या चारही पायांना चपलेनं लाथ घालायचे, टायरात हवा बघतात तशी. मग बसायचे. माल काही न्यायचे नाहीत. खेळात माल पोचवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. "माल ट्रकवाले नेतेत. आमी मानसं नेली जल्मभर," असं म्हणून रिकामी गाडी घेऊन निघायचे. शिवाय गाडी डाव्या बाजूनं. जर्मनीत. समोरून येणारी प्रत्येक गाडी भोंगा मारत अंगावर यायची आणि काका तिला मराठीत आईबहिणीवरून ऐकवायचे.

"काका, तिकडं उजवीकडून चालवतात."

"ते चुकून राहिले तर मी बी चुकू काय?"

"मग इंग्लंडात चालवा. तिथं डावीकडूनच आहे."

"इंग्रजाच्या मुलखात न्हाई नौकरी करायची," म्हणाले, आणि विषय संपला.

कॉम्प्युटरच्या एकाही भागाला त्याच्या नावानं हाक मारली नाही त्यांनी. डबा म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे सीटा, जितक्या जास्त तितकी गर्दी मावते. ग्राफिक कार्ड म्हणजे गिअरबॉक्स, आणि आतला पंखा म्हणजे रेडिएटर. मे महिन्यात ते कार्ड इतकं तापायचं की गाडी घाटात बंद पडायची. एकदा मी क्लास सोडून आत गेलो तर डब्याचं झाकण काढलेलं आणि समोर पाण्याचा कूलर लावलेला, गवताच्या जाळीतून तुषार उडतायत थेट मदरबोर्डावर. मी ओरडत जाऊन बटण बंद केलं. "काका, पाणी उडतंय! जळून जाईल सगळं!"

"रेडिएटरमंधी पानीच असते मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "तुमाला गाडीतलं काय कळते?"

फक्त मॉनिटरला त्यांच्याकडं गाडीतलं नाव नव्हतं. खरं तर त्याला त्यांनी काच म्हणायला हवं होतं. पण लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा बघितलेला माणूस, मॉनिटरला ते पडदा म्हणायचे. "पडदा पुसा", "पडद्यावर माशी बसली", "पडदा चालू करा". आम्हालाही सवय झाली. माझ्या क्लासातली पोरंसुद्धा गंमत म्हणून पडदा म्हणायला लागली होती.

त्यांच्या पेन्शनीत नवा कॉम्प्युटर बसणारा नव्हता, आणि पोरगं फोनवर म्हणायचं, "बाबा, तो डबा भंगारात द्या, मी टॅब पाठवतो." तो टॅब काही आला नाही. मग आमचं सेकंडहँडचं राज्य सुरू झालं. वारंगा फाट्यावर एक नेट कॅफे बंद पडला, तिथून सीटा आणल्या. नांदेडच्या एका दुकानदाराकडून वापरलेली हार्डडिस्क आणली. काका प्रत्येक वस्तू कानाशी धरून हलवून बघायचे, वास घ्यायचे, आणि दुकानदाराला विचारायचे, "किती चालली? कोन्या रूटवर व्हती?" दुकानदार माझ्याकडं बघायचा. मी दुसरीकडं बघायचो.

प्रत्येक नव्या वस्तूनंतर आठ-दहा दिवस बरे जायचे. "आता बराबर," म्हणायचे. मग पुन्हा मला हाक. "मास्तर, धुकं पडून राहिलं."

मी जाऊन बघायचो. पडदा लख्ख असायचा, झाडाचं पान न् पान दिसायचं. "कुठंय धुकं?"

"ते काय समोर. मधोमध. गिअरबॉक्स गेला वाटतं."

ड्रायव्हर लोकांची ही खोडच असावी. समोरचं दिसेना झालं की आधी काच पुसायची, मग दिवे बघायचे, मग वायपरला शिव्या. स्वतःचे डोळे चोळणारा ड्रायव्हर मी बघितला नाही. काकांना शुगर होती, जुनी, आणि चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. मला डॉक्टरकी येत नाही, पण दोन आणि दोन चार कळतात. मी तोंडावर सांगितलं, "काका, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. डोळे दाखवा."

असे भडकले की खुर्ची मागं पडली. "काहून? माह्या डोळ्याला काय झालं? एवढी वर्षं रातच्याला गाडी हाकली, एक कुत्रं मारलं न्हाई म्या! तुमचं सामान फाटकं अन् नाव माह्या डोळ्याचं!"

"मग दुसऱ्याच्या सायकली का आणता?"

"उठा तुमी. उठा हिथून."

उठलो. मलाही राग येतो. चार दिवस बोललो नाही त्यांच्याशी. पाचव्या दिवशी काकूच आल्या क्लासात, हातात चिवड्याची वाटी, आणि म्हणाल्या, "मास्तर, नरसीला डोळ्याचं शिबिर हाय म्हनतेत. मी नेऊन राहिले त्यायला. तुमी रागावू नका, त्यायला आतून लई भ्या वाटते."

नरसीच्या शिबिराची हकिकत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. काका म्हणाले, "सगळी अक्षरं वाचली, टकाटका." काकू म्हणाल्या, रांगेत पुढची माणसं वाचत होती ते ऐकून ऐकून यांनी पाठ केलं, आणि डॉक्टरनं पाटी बदलली तरी हे जुनंच म्हणत सुटले. डॉक्टर पोरगेला होता, हसला म्हणे. मग त्यानं डोळ्यात औषध टाकलं, बत्ती मारून बघितलं, आणि त्याचं हसणं थांबलं. "नांदेडला जा, लवकर," एवढं काकूंना ऐकू आलं. पुढचं तो काकांशी बाजूला घेऊन बोलला. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, काय म्हणला?

"पडदा खराब झाला म्हनला."

त्या आठवड्यात काकूंनी पोत मोडली. माहेरची, सोन्याच्या मण्यांची, गळ्यातली एवढी एकच वस्तू होती ती. मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत की एका सकाळी काका धुतलेला खाकी सदरा घालून क्लासाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, पडदा बदलायचा हाय. नांदेडला चला संगं."

"आणि डोळे? नरसीला काय झालं?"

"दाखवले ना. बघितलं त्यानं. पडद्याचंच काम हाय."

मी म्हटलं, चला. गेले दोन महिने ते पडदा, धुकं, गिअरबॉक्स याखेरीज बोलतच नव्हते. मला वाटलं डोळ्यांचं काही औषधबिवषध मिळालं असेल, आता मॉनिटरचं खूळ घेतलंय. निघताना काकू बसस्टँडपर्यंत आल्या. रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, "मास्तर, तुमी संगं हाव म्हनून मला घोर न्हाई. येताना त्यायला उन्हात नका आनू." मी म्हटलं, बरं. बाई जरा जास्तच काळजी करते, असं मनात आलं, खरं सांगतो.

नांदेडला काका मोकळ्या हातानं घेत होते. मोठा पडदा, वापरलेला पण डाग नसलेला. मग म्हणाले, इंजिन बी बघू. मदरबोर्ड, प्रोसेसर, एक चांगलं ग्राफिक कार्ड. दुकानदारानं सगळं जोडून गाडीचा खेळ चालवून दाखवला. काका पडद्याला नाक लावून बसले, बाकी गिऱ्हाइकं बघायला लागली तरी हलले नाहीत. "मास्तर, झाडाला पानं हायेत का?" त्यांनी मला हळूच विचारलं. "हायेत," मी म्हटलं. "मंग बराबर." आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढून दिले. एवढे पैसे मी त्यांच्याकडं कधी बघितले नव्हते. वाटलं, डेपोकडनं काही थकबाकी मिळाली असेल.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात सडा घातलेला. खाट ओसरीच्या सावलीत ओढून तिच्यावर धुतलेली चादर. चुलीवर मऊ खिचडीचा वास. शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या होत्या, आणि काकूंच्या हातात मेडिकलातून आणलेला तो हिरवा चष्मा, डोळ्याच्या ऑपरेशनवाल्यांना देतात तो. मी खोकं धरून रिक्षातून उतरलो. मागनं काका.

काकूंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "पट्टी?"

"कसली पट्टी?"

"डोळ्याची. पट्टी न्हाई बांधली का त्यायनं?"

मी खोकं तसंच हातात धरून उभा राहिलो.

"हे काय हाय?" काकूंनी मला विचारलं, त्यांना नाही.

काकाच म्हणाले, "पडदा."

"पडदा बदलायला चाललो म्हनले व्हते तुमी."

"पडदाच बदलला."

शेजारणी उठून गेल्या. काकू खाटेवर बसल्या, त्याच धुतलेल्या चादरीवर, आणि तो हिरवा चष्मा उलटा-सुलटा करत राहिल्या. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माही पोत व्हती ती."

मग मात्र मी सुटलो. घरमालक, वडीलधारा, काही बघितलं नाही. "लाज वाटते का तुम्हाला? बाईनं गळ्यातलं मोडलं अन् तुम्ही टीव्ही आणला? मला बाजूला बसवून गंडवलं? आंधळे व्हाल ना हो!"

काका उंबऱ्याला टेकून उभे होते. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस, त्या दिवशी आवाज चढवला नाही.

"मी इचारलं त्या डागदरला," म्हणाले. "म्हनलं, बदलता येते का? तो म्हनला, न्हाई. डोळ्यातला पडदा बदलत नसते. गेलेलं माघारी येत न्हाई. डोळ्यात सुया टोचायच्या, पुन्हा पुन्हा टोचायच्या, राहिलेलं राहिलं तर राहिलं, अन् त्याची बी ग्यारंटी न्हाई." खोक्याकडं बोट केलं. बोट जरा बाजूला गेलं. "ह्यो बदलता येते मास्तर. म्हनून बदलला."

पुष्कळ लोकांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते म्हणतात, काय वल्ली माणूस. वल्ली कसला! भ्याला होता. सुईला भ्याला होता, आणि उद्या दिसणार नाही याला तर त्याहून जास्त. राहिलेलं राहिलं असतं, कदाचित बरीच वर्षं. ते त्यांना पटत नव्हतं. पार्ट बदलून मिळत असेल तरच त्याला दुरुस्ती म्हणायचं, इतकंच त्यांना ठाऊक. मला त्यांचा आजही राग येतो आणि आजही जीव तुटतो.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, सामान परत करू. दुकानदार अर्ध्या किमतीत घ्यायला तयार होता. काकूंनी नको म्हटलं. "राहू द्या. त्यायला बघू द्या काय बघायचं ते." त्यानंतर त्या काकांशी बोलल्याच नाहीत. स्वैपाक करायच्या, ताट आदळायच्या, कपडे धुवायच्या. काही सांगायचं झालं तर मधल्या दारातून मला. "मास्तर, तुमच्या काकाला सांगा पानी तापलं." मी सांगायचो. काका माझ्याच मार्फत उत्तर द्यायचे. एका घरातली दोन माणसं, आणि मधे मी, टपालासारखा.

काकांनी ते उन्हाळाभर चालवलं. नव्या पडद्याच्या दिवसेंदिवस जवळ जात. पावसाळ्यात एका डोळ्यात रक्त उतरलं. "पडद्यावर शाई सांडली," म्हणत त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पडदा पुसला, पुन्हा पुसला, पुन्हा पुसला. मी त्यांचा हात धरला तेव्हा कुठं थांबले. पोरगं आलं, पुण्याला घेऊन गेलं, सुया टोचून झाल्या, ज्याला भ्याले होते ते सगळं झालं, पण उशिरा. दिवाळीनंतर परत आणून सोडलं तेव्हा दुसऱ्या डोळ्याला दार कुठं आणि खिडकी कुठं एवढंच समजत होतं. पुढं तेही गेलं.

मला वाटलं, आता ड्यूटी संपली. संपली नाही. जेवण झालं की भिंत चाचपत जायचे, टेबलाच्या पायांना लाथा घालायचे, बटण शोधून चालू करायचे आणि आवाजावर गाडी चालवायचे. चालवायचे म्हणजे काय, आपटायचे. दुपारभर माझ्या क्लासात ऐकू यायचं, धाड, मग काच फुटल्याचा आवाज, भोंगे, पुन्हा धाड. पोरं टायपिंग सोडून खिदळायची. "ड्रायव्हरकाकानं अजून एक उडवला!" मी गप्प बसवायचो, पुन्हा खिदळायची. एकदा असाच मोठा धाडकन आवाज आला, अख्खा क्लास हसला, आणि मधल्या दारात काकू. पदर खोचलेला. पोरांकडं एकेक करून बघितलं.

"आंधळ्याला हसता व्हय रे? तुमच्या मायबापानं हेच शिकवलं?" मग माझ्याकडं वळल्या. "अन् मास्तर, तुमाला बी ऐकू येत न्हाई?"

त्या आत गेल्या आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून आपटण्याचे आवाज बंद झाले. आतून काकूंचा बारीक आवाज यायचा, आणि इंजिनाची एकसारखी घरघर. कितीतरी महिन्यांनी त्या नवऱ्याशी बोलत होत्या. मला बरं वाटलं. वाटलं, शेजारी बसून रस्ता सांगतायत, डावं-उजवं सांगून गाडी सांभाळून नेतायत. बाईचं कौतुक वाटलं.

मी क्लास हलवायचं ठरवलं होतं, मुलं कमी झाली होती. ते सांगायला एका दुपारी आत गेलो. दोघांची पाठ माझ्याकडं. काका स्टेअरिंग धरून ताठ बसलेले, खाकी सदरा, पाय पट्टीवर दाबलेला. पडद्यावर गाडी कुठल्याशा परदेशी पुलाच्या कठड्यात तोंड खुपसून उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. चाकं जागच्या जागी फिरत होती, इंजिन घरघरत होतं, डाव्या कोपऱ्यात लाल दिवा लागलेला. काकू पडद्याकडं बघतही नव्हत्या. मांडीवर सूप, सुपात लसूण.

"लिंबाळा गेलं," त्या सांगत होत्या. "रस्ता मोकळा हाय. चालू द्या. आता औंढा. देवळाचं शिखर दिसून राहिलं. बाया उतरून राहिल्या दर्शनाच्या."

काकांनी स्टेअरिंग जरासं वळवलं. मग सरळ केलं.

"आता सिद्धेश्वरचा फाटा. वळा. हां. धरन दिसून राहिलं."

"पानी हाय का?"

"तुडुंब हाय. पार कडंपस्तोर."

काकूंना माझी चाहूल लागली होती. मान वळवून बघितलं माझ्याकडं, आणि मान हलवली नाही, काही खूण केली नाही. पुन्हा लसणाकडं बघितलं.

"तुहं माहेर आलं मंग," काका म्हणाले. "एवढी वर्षं ह्या रूटवर गाडी नेली, तुला एक डाव बसवून आनली न्हाई म्या. थांबवू का?"

"थांबवा."

त्यांनी हलक्या पायानं ब्रेक दाबला. घरघर कमी झाली. कठड्यात अडकलेल्या गाडीची चाकं थांबली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

"उतरलीस?"

"व्हय, उतरले," काकू म्हणाल्या, आणि लसूण सोलत तिथंच बसून राहिल्या.